डाव्या कानाची डबी

शंभुराजचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. हा आकडा अंदाजपंचे नव्हे. शंभुराज परभणीला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होता आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही खोड त्याला एकोणीस वर्षांच्या नोकरीनं लावली होती. बटण दाबायचं आणि मनगटावरचं घड्याळ बघायचं. तोवर चहा उकळायचा, गाळला जायचा, पिऊन झालेला कप मोरीत जायचा, तरी पडद्यावरचं ते कडं आपलं गरगरतच असायचं. त्याची बायको राजेश्री म्हणायची, एवढ्या वेळात तुमी परभणीच्या अर्ध्या वाटेवर पोचता. पिंगळीहून परभणी मोटरसायकलवर वीस-बावीस मिनिटं, तेव्हा बाईचा हिशेबही चुकीचा नव्हता.

हा कॉम्प्युटर घेतला होता आईसाठी. असं सांगितलं की लोक हसायचे, पण खरंच तसं होतं. धाकटी बहीण शिवरंजनी लग्न होऊन मस्कतला गेली आणि मोबाइलवर बसम्माला लेकीचं तोंड सुपारीएवढं दिसायला लागलं. म्हणून मोठा पडदा आला. बसम्माचा उजवा कान पार गेलेला होता. डाव्या कानाला यंत्र होतं, चार्जिंगच्या डबीत ठेवायचं ते. शंभुराजनं कॉम्प्युटरच्या पाठीमागं नखाएवढा ब्लूटूथचा तुकडा खोचला आणि लेकीचा आवाज तारेशिवाय थेट आईच्या कानात जायला लागला. यंत्राला बोललेलंही कळायचं, त्यामुळं तिकडं आईचा आवाजही त्यातूनच जायचा. दर रविवारी सकाळी दहाला हा सोहळा व्हायचा. शंभुराज खुर्चीत बसायचा, बसम्मा त्याच्या मागं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. बस म्हटलं तरी बसायची नाही.

बोलायची लेकच. बसम्मा नुसती ‘हं’ म्हणायची. पण तिच्या ‘हं’चे दहा प्रकार होते. एक पुढं सांग म्हणणारा, एक सगळं कळलंय म्हणणारा, एक आता पुरे म्हणणारा. शिवरंजनीला ते सगळे ओळखू यायचे.

आणि यंत्र बिघडलं की बसम्मा कुरकुर करत नसे. मुकाट्यानं कानातून काढायची, कॉम्प्युटरशेजारच्या डबीत ठेवायची आणि डबीचं झाकण शंभुराजच्या खुर्चीकडं तोंड करून उघडं सोडायची. सकाळी त्यानं ते बघायचं, बारीक ब्रशनं नळी साफ करायची, शर्टाच्या टोकानं पुसून परत ठेवायचं. डबीत दोन खोबणी होत्या. उजवी कधी वापरलीच गेली नाही.

माघात बसम्मा लिंगैक्य झाली. दुपारी दोनला प्राण गेला आणि दिवस मावळायच्या आत माती द्यायची ठरली. शिवरंजनीला विमान मिळालं नाही. तिनं जे काही पाहिलं ते चुलतभावाच्या मोबाइलवरून, हलत्या चित्रात. बायांनी आंघोळ घातली, कपाळाला भस्म ओढलं, डोक्यावरून पदर घेतला. रेल्वेच्या रुळालगतच्या त्यांच्या शेतात मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, भोवतीनं भस्म आणि बेलाची पानं भरली. पदराखालचा कान कुणी बघितला नाही. जाळायचं असतं तर अंगावरची चीजवस्तू काढायला कुणीतरी हात लावला असता. इथं आईला जशी होती तशी बसवायची घाई होती.

तिसऱ्या दिवशी शंभुराजला डबी रिकामी दिसली. यंत्र आईच्या कानातच गेलं होतं. समाधी उकरायची नसते. त्यानं फक्त राजेश्रीला सांगितलं. ती रडत होती, रडता रडताच म्हणाली, “असू द्या. तिथं तरी ऐकू येईल त्यायला.”

हे झाल्याला नऊ महिने होऊन गेले. कार्तिकातला रविवार होता. प्रयोगशाळेचे अहवाल घरून भरायचे होते आणि ते कडं गरगरतच होतं. शंभुराजनं ठरवलं, आज याचा निकाल लावायचा. कॉम्प्युटर सुरू होताना त्याच्याबरोबर शेपन्नास नको त्या सर्व्हिसेस उठून बसतात. त्यातल्या बिनकामाच्या बंद केल्या की तो हलका होतो, एवढं त्याला ठाऊक होतं. पद्धत प्रयोगशाळेचीच ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रिस्टार्ट करायचं, वेळ मोजायची, वहीत लिहायची.

फॅक्सची सर्व्हिस होती. या घरात फॅक्स आजोबांच्या काळीही आला नव्हता. बंद केली. प्रिंटरच्या रांगेची होती, प्रिंटर नव्हताच. तीही बंद. नकाशे उतरवणारी, खेळांचे गुण जपणारी, कुठल्याशा टच पेनाची वाट बघत बसलेली, अशा एकेक निघाल्या. शंभुराजला मजा यायला लागली. अकराची नऊ मिनिटं झाली, मग आठ, मग सात. सातावर गाडी अडली ती हलेना.

मग त्याची नजर ब्लूटूथच्या सर्व्हिसवर गेली. माउस तारेचा, कीबोर्ड तारेचा. आता या घरात ब्लूटूथ कुणाला लागतं? तरी बंद करण्याआधी त्यावर कोण अवलंबून आहे ते बघावं, म्हणून त्यानं जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली.

यादीत एकच नाव होतं. नाव त्यानं स्वतःच टाइप केलेलं: ‘माय’. खाली लिहिलं होतं, जोडलेलं. बॅटरी शंभर टक्के.

जुनी नोंद तशीच राहिली असणार. शंभुराजनं यादी बंद करून परत उघडली. मग खाली वाकून पाठीमागचा तुकडा उपसला. ‘जोडलेलं नाही’ असं आलं. तुकडा परत खोचला आणि घड्याळ बघितलं. चार सेकंदांत ‘जोडलेलं’. बॅटरी शंभर टक्के.

ते यंत्र दिवसभराच्या वर चालत नसे, रोज डबीत ठेवावं लागे. ब्लूटूथचा पल्ला तीस फुटांचा. शेत घरापासून दीड किलोमीटर.

त्याला आणखी एक गोष्ट आठवली आणि ती त्याला मुळीच आवडली नाही. नऊ महिने दर रविवारी शिवरंजनीशी बोलायला कॉम्प्युटर लावला की स्पीकरमधून आवाज यायचा नाही. दर वेळी आत जाऊन स्पीकर हातानं निवडायला लागायचा. त्यानं स्पीकरला शिव्या घातल्या होत्या, नवा आणला होता, तरी तेच. आवाज बंद नव्हता तर. तो आधी दुसरीकडं जात होता.

दहा वाजले. पडद्यावर शिवरंजनी आली, केस विंचरलेली, मागं स्वयंपाकघराची खिडकी. बोलायला लागली. तिकडचा उकाडा, नवऱ्याच्या पाळ्या, शेजारच्या केरळी बाईनं शिकवलेली भाजी. शंभुराज आज पहिल्यांदाच नीट बघत होता. शिवरंजनी एक वाक्य बोलायची, थांबायची, किंचित मान हलवायची आणि मग पुढं जायची. या बाजूला तर कुणीच काही बोलत नव्हतं.

“रंजू, माझा आवाज येतोय का बरोबर?”

“येतोय की. लांबून येतोय, नेहमीसारखा.”

“लांबून? अगं मी माइकला तोंड लावून बसलोय.”

“तुझा लांबूनच येतो दादा,” शिवरंजनी सहज म्हणाली. “मायचा जवळून येतो.”

शंभुराजनं स्पीकरला कान लावला. तिकडं शिवरंजनीचा चेहरा हळूहळू बदलला. तिला वाटत होतं दादालाही ऐकू येतं आणि त्या घरात त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय. मग तिनं सांगितलं. माती दिल्यावर पाचव्या-सहाव्या रविवारपासून ‘हं’ यायला लागला. शब्द कधीच नाही, नुसता ‘हं’. पण तोच, दहाच्या दहा प्रकार. आणि पावणेअकराच्या सुमाराला गाडी जाते, अगदी डोक्यावरून, चाकं एकेका सांध्यावर आपटलेली मोजता येतात.

घरातून गाडीची चाकं कधी ऐकू येत नसत. मधे सगळं गाव होतं. वारा तिकडचा असला तर लांबून भोंगा यायचा, तेवढंच.

“तिला सगळं सांगून झालंय माझं,” शिवरंजनी म्हणाली. “एकच राहिलंय. माती द्यायला आले न्हाई ते. तिची माफी मागायची हाय. आजवर धीर झाला न्हाई. पुढच्या रविवारी मागणार.”

त्या दिवशी शंभुराजला जेवण गोड लागलं नाही. भीती वाटली, हे त्यानं राजेश्रीपाशी कबूल केलं नाही; म्हणाला, बहिणीची काळजी वाटते. परमुलखात एकटी, नवरा पाळ्यांवर, मनाचा तोल जायला कितीसा वेळ लागतो. कसलीतरी खरखर तिच्या कानावर पडत असेल आणि तिला त्यात आई सापडत असेल. ती खरखर बंद करणं हेच थोरल्या भावाचं काम. राजेश्री शेंगा फोडत ऐकत होती.

“तुमचं काय जायलंय?” ती म्हणाली. “सातच मिनिटं ना? जाऊ द्या की.”

“तीस फुटाच्या वर जात न्हाई ते, राजेश्री. दीड किलोमीटर हाय.”

“मग तुमी कशाला घाबरायलाव?”

सोमवारी कामावर जायच्या आधी शंभुराजनं ब्लूटूथची सर्व्हिस बंद केली. रिस्टार्ट केलं, घड्याळ बघितलं. पन्नास सेकंद. स्पीकर आपोआप वाजला. वहीत त्यानं ते नीट लिहून काढलं, खाली रेघ मारली. आनंद व्हायला हवा होता. आठवडाभर कॉम्प्युटर एका दमात उठत होता आणि दर वेळी शंभुराज शेजारच्या डबीकडं बघायचं टाळत होता.

रविवार आला. शिवरंजनी डोक्यावरून पदर घेऊन बसली होती, माहेरी देवापुढं बसायची तशी. इकडचं तिकडचं बोललीच नाही. माय, म्हणाली, मला यायला पाहिजे होतं. विमान नव्हतं हे खरं, पण आधीच्या महिन्यात तुझी तब्येत बिघडली तेव्हा विमान होतं, तेव्हाही मी आले नाही. घरी पाहुणे यायचे होते. पाहुण्यांसाठी थांबले मी. हे ती हुंदका न देता, पाठ केल्यासारखं बोलली आणि थांबली.

थांबूनच राहिली.

परत बोलली, तेच. परत थांबली. तिसऱ्यांदा बोलताना तिचा आवाज फाटला.

“दादा, ती हं म्हणली न्हाई.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. बाई गं, मीच बंद केलं, माझ्याच हातानं, पन्नास सेकंदांसाठी. शंभुराजच्या जिभेवर ते आलं आणि तिथंच बसलं. पडदा काळा झाला. शिवरंजनीनं फोन ठेवला होता. त्यानंतर दिवसभर तिनं मोबाइलही उचलला नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला शंभुराज अंघोळ करून बैठकीत आला. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं.

डबी उघडी होती. झाकण त्याच्या खुर्चीकडं तोंड करून.

डाव्या खोबणीत यंत्र होतं.

त्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, चार्जिंग चालू असल्यासारखा. पारदर्शक नळी आतून पांढरी झाली होती. शंभुराजनं नख लावलं, पांढरं नखावर आलं. भस्म. यंत्राच्या कानात अडकवायच्या आकड्याला काळी माती लागून सुकली होती. ती त्यानं दोन बोटांत चोळली. रोज शेदोनशे नमुने हाताळणारा माणूस तो, त्याला पाटी वाचायला लागत नाही. चिकण, भारी, त्यात चुनखडीचे बारीक खडे. यावर आम्लाचा थेंब टाकला असता तर फसफसला असता. या मातीचा अहवाल त्यानं स्वतः काढला होता. रुळालगतचं शेत, पूर्वेकडचा तुकडा.

राजेश्रीनं डबीला हात लावला नव्हता. ती उलट त्यालाच विचारत आली, की मागच्या दाराची कडी तुमी काढलीत का. रात्री तिनं स्वतः लावली होती. सकाळी ती खाली लोंबत होती.

शंभुराज शेतात गेला. ज्वारी गुडघ्याला लागली होती. समाधीचा ओटा जसाच्या तसा, गिलाव्याला चीर नाही, वर वाळलेली बेलाची पानं. मागच्या आठवड्यात अवकाळीचा शिडकावा झाला होता आणि ओट्याभोवतीच्या मातीवर पापडी धरली होती. ती पापडी चारी बाजूंनी सलग होती. तिच्यावर पहिलं पाऊल पडलं ते शंभुराजचं. पूर्णा जंक्शनकडं जाणारी गाडी गेली, चाकं एकेका सांध्यावर आपटत.

घरी येऊन त्यानं रजेचा फोन केला. मग ड्रॉवरमधून तो बारीक ब्रश काढला. हाताला कामाची सवय होती. नळी साफ केली, फुंकर मारली. शर्टाच्या टोकानं यंत्र पुसलं. परत खोबणीत ठेवलं, डाव्या. पुसता पुसता त्याला रडू आलं आणि ते त्यानं येऊ दिलं.

मग कॉम्प्युटर लावून ब्लूटूथची सर्व्हिस परत ऑटोमॅटिक केली. रिस्टार्ट. सात मिनिटं. वहीतली मागच्या सोमवारची ओळ त्यानं खोडली.

डबीचं झाकण उघडंच ठेवलं.

मंगळवारी सकाळी डबी रिकामी होती. यादीत ‘माय’ होतं, जोडलेलं, शंभर टक्के. शंभुराजनं मोबाइलवर बहिणीला एवढाच निरोप पाठवला की रविवारी दहाला ये, बिघाड माझ्याकडून होता, दुरुस्त केलाय.

त्या आठवड्यात मागच्या दाराला कडी कुणी लावली नाही. राजेश्री दार नुसतं ओढून घ्यायची. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

रविवार. सात मिनिटं. शंभुराज खुर्चीत बसला, राजेश्री भिंतीला टेकून पलंगावर. शिवरंजनी आली. डोळे सुजलेले, पदर डोक्यावरून. ती परत तेच बोलली, पाहुणे, विमान, सगळं. आणि थांबली. शंभुराज पडद्यावरचं तिचं तोंड बघत होता.

शिवरंजनीनं डोळे मिटले. तिची मान किंचित हलली.

“म्हणली,” ती म्हणाली. “हं म्हणली, दादा. लहानपणी मी काही सांडलं की म्हणायची ना, तसला.”

शंभुराजच्या छातीवरचा धोंडा उतरला. बहीण रडत होती, हसत होती, पदरानं नाक पुसत होती. तिला एवढं हलकं झालेलं त्यानं माघापासून बघितलं नव्हतं. सात मिनिटं काय, सत्तर गेली तरी चालतील, असं त्याला मनापासून वाटलं. घड्याळात अकराला दहा कमी होते.

“गाडी गेली का गं?” त्यानं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

शिवरंजनी जरा आठवून म्हणाली, “आज न्हाई रे आली गाडी. लांब कुठं तरी भोंगा वाजला नुसता.”

पलंगावर राजेश्रीनं पाय वर घेतले. ती शंभुराजकडं बघत नव्हती. त्याच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत होती.

“आणि दादा,” शिवरंजनी म्हणाली, “आज तुझा आवाज लय जवळून यायलाय. मायच्या एवढाच.”